मुक्या धावा

मृण्मयी शेडबाळेने चेंडू मिडऑनच्या डावीकडे नुसता टेकवला आणि ती पळत सुटली. तिने हाक दिली नाही, हातही हलवला नाही. तरीही समोरच्या टोकाची तेजल कांबिरे त्याच क्षणी निघाली होती. मिडऑनच्या मुलीने चेंडू उचलून मान वर करेपर्यंत दोघी आपापल्या क्रीजमध्ये पोहोचल्यासुद्धा. एकमेकींना ओलांडताना दोघींनी तोंडं विरुद्ध दिशांना फिरवली होती, हे मात्र सगळ्या मैदानाने पाहिलं.

पाणी पिण्याची वेळ झाली तेव्हा मृण्मयी पंचांकडे वळली.

"रावतेकाका, तिला सांगा, खेळपट्टीवरून पळू नकोस म्हणावं. माझ्या टोकाला खड्डा पडतोय."

"अगं, ती चार हातांवर उभी आहे," पंच म्हणाले.

"मला ऐकू येतं की, काका," तेजल आभाळाकडे बघत म्हणाली. "तिला सांगा, खड्डा तिच्याच पायांनी पडलाय. जेवताना जरा हात आखडता घे म्हणावं."

"आणि तिला विचारा, मागच्या सामन्यात शून्यावर परत आली, तेव्हा उपाशी होती काय?"

"मी पंच आहे, पोस्टमन नाही," असं म्हणून रावतेकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली. तीही दोघींना वेगवेगळी द्यावी लागली. एकीने तोंड लावलेली दुसरी घेत नसे.

मंडपात निवड समितीच्या अध्यक्षा नंदा देशमाने समोरच्या पडद्यावर दोन रेषा बघत होत्या. एक निळी, एक केशरी. धाव निघाली तेव्हा दोन्ही रेषा अशा एकत्र वर चढल्या होत्या की दोन रंग आहेत हे डोळे बारीक केल्याशिवाय कळू नये. देशमानेबाई समाधानाने मागे रेलल्या.

"यांना कोणी बोलू देऊ नका," त्या शेजारच्या सहायकाला म्हणाल्या. "हॉटेलचे मजलेसुद्धा वेगळे ठेवा."

हा काय प्रकार होता ते कळायला 'सांगड' नावाचं यंत्र समजून घ्यायला हवं. ते अवघड नाही.

समोरचा पाण्याचा पेला तुम्ही उचलता, तेव्हा आधी काय होतं? हात हलतो, असं वाटेल. पण हात हलण्याच्या जरासं आधी मेंदूत हालचालीची तयारी सुरू होते. या तयारीची एक अगदी क्षीण विद्युतलहर उठते. डोक्याला नीट चिकटणारे संवेदक असले तर ती टिपता येते. हे जुनंच ज्ञान आहे. डॉ. इरफान मोमीन यांनी त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे, हेल्मेटच्या आतल्या अस्तरात बसतील आणि धावताना, घाम आल्यावरही चुकणार नाहीत असे संवेदक त्यांनी बनवले. दुसरी गोष्ट त्यांना त्या संवेदकांनी शिकवली. एक माणूस दुसऱ्याकडे पूर्ण लक्ष देत असेल, तर दुसऱ्याच्या खांद्याच्या, टाचेच्या, मानेच्या हालचालीवरून पहिल्याच्या मेंदूत आपोआप तशीच तयारी सुरू होते. दोन लहरी जोडीने उठतात. बैलगाडीच्या दोन बैलांसारख्या. म्हणून यंत्राचं नाव सांगड.

आता एकदिवसीय सामन्यात याचा उपयोग काय? फलंदाज धाव घेताना हाक देतात. चेंडू पुढे गेला तर मारणारा हाक देतो, मागे गेला तर समोरचा. हाक मारायची, ती कानांनी ऐकायची, मग पाय उचलायचे. यात जो वेळ जातो, त्यात क्षेत्ररक्षक दोन पावलं पुढे येतो. ज्या जोडीला हाक लागतच नाही, ती जोडी जिथे धाव नाही तिथून धाव काढते आणि धावबादही होत नाही. यंत्राने हिशेब मांडला आणि क्रिकेट मंडळाने नियम बदलला. राष्ट्रीय एकदिवसीय संघात वरच्या फळीचे फलंदाज आता एकेकटे निवडायचे नाहीत. जोडीने निवडायचे.

मग गावोगावी धांदल उडाली. आईबाप जुळ्या मुलींना मैदानावर आणू लागले. शिबिरांत जिवलग मैत्रिणींना एका खोलीत ठेवू लागले. पण सांगडीने सगळ्यांना तोंडघशी पाडलं. जुळ्यांचे आकडे बेताचे आले आणि जिवलग मैत्रिणींचे त्याहून बेताचे.

डॉ. मोमीन मुलाखतीत म्हणाले होते, "शाळेतला तुमचा वर्ग आठवा. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे तुम्ही किती वेळा बघत होता? ती असणारच, म्हणून बघतच नव्हता. पण मधल्या सुट्टीत तुमचा डबा पळवणारी मुलगी? ती कधी उठली, कुठे वळली, तिच्या मनात काय आहे, हे तुम्हाला पाठीलासुद्धा कळत होतं. माझं यंत्र प्रेम मोजत नाही. ते लक्ष मोजतं."

आणि देशातली सगळ्यात घट्ट सांगड निघाली ती तीन वर्षं एकमेकींशी एक शब्दही न बोललेल्या मृण्मयी आणि तेजलची.

दोघी इचलकरंजीच्या. एकाच गल्लीत वाढल्या, यंत्रमागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणून लहानपणापासून ओरडूनच बोलायला शिकल्या. खेळायला लागल्या तेव्हा त्यांच्या हाका पार रस्त्यापर्यंत ऐकू जात. "ये!" "थांब!" "दोन गं दोन!" मग राष्ट्रीय शिबिरासाठी दोघींची निवड झाली. मृण्मयीचा उजवा गुडघा दुखत होता. तिने तो लपवला. एकट्या तेजलला सांगितलं, तेही शपथ घालून. आठवड्यात शिबिराच्या डॉक्टरांनी मृण्मयीला बोलावलं, नेमका तोच गुडघा तपासला आणि घरी पाठवलं. तिच्या जागी तेजल संघात गेली.

यात शंका घ्यायला जागा होती कुठे? मृण्मयीने घेतलीही नाही. शस्त्रक्रिया, काठी, पुन्हा चालणं, पुन्हा पळणं, या सगळ्या काळात तिला तेजलचा राग जेवणासारखा वेळच्या वेळी लागत होता. ती परतली आणि दोघी त्यानंतर पहिल्यांदा एका संघात उतरल्या, तेव्हा हाक द्यायला तिने तोंड उघडलंच नाही. तेजलनेही नाही. न बोलता धावबाद व्हायचं नसेल तर एकच उपाय होता. समोरचीवरची नजर क्षणभरही हलवायची नाही. ही मला फसवणार, या खात्रीने मृण्मयी तेजलच्या टाचा बघत राहिली. असा हा खेळ उभा राहिला.

विश्वचषकाच्या संघनिवडीपूर्वीचा शेवटचा चाचणी सामना दुसऱ्या दिवशी होता. हेल्मेटचं अस्तर बदलून घ्यायला मृण्मयी डॉ. मोमीन यांच्या खोलीत गेली. मोमीन मूळचे मिरजेचे. त्यामुळे तिच्याशी ते घरच्यासारखं बोलत. आज मात्र ते अस्तर उगाच उलटसुलट करत होते.

"सर, बिघडलंय का?"

"यंत्र नाही बिघडलं." त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. "मृण्मयी, तुझ्या गुडघ्याचं तेजलने सांगितलं नव्हतं."

ती हसली. "सर, हे आता कोणी शिकवून पाठवलं तुम्हाला?"

"ऐकून घे. त्या शिबिरात सगळ्यांना नवे बूट दिले होते. आठवतात? त्यांच्या तळव्यांत माझेच दाबमापक होते. उजवा पाय तू जरा उशिरा टेकवत होतीस, जरा लवकर उचलत होतीस. डोळ्यांना दिसलं नसतं. यंत्राला पहिल्याच दिवशी दिसलं. मी डॉक्टरांना कळवलं. माझं कामच होतं ते."

मृण्मयी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तीन वर्षं तुम्ही गप्प बसलात?"

"तुला तेजलवर संशय आहे हे मला पुढे खूप उशिरा कळलं. तेव्हा सांगायला निघालो होतो. देशमाने मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, या गैरसमजावर आपल्या सलामीच्या जोडीचा डोलारा उभा आहे, हात लावू नका. मी ऐकलं."

"मग आज का सांगता? उद्या चाचणी आहे माझी!"

"काल बैठक झाली," मोमीन म्हणाले. "तुमची जोडी विश्वचषकात चालली, तर पुढच्या वर्षीपासून बारा वर्षांखालच्या शिबिरात मुलींमध्ये मुद्दाम भांडणं लावायची योजना आहे. एकीच्या वस्तू दुसरीच्या पेटीत ठेवायच्या. खोट्या चहाड्या पोहोचवायच्या. कोण कोणाशी किती दिवस बोललं नाही ते मी मोजायचं. मी शास्त्रज्ञ आहे गं. असलं काम करायला नाही शिकलो मी."

"मॅडमशिवाय अजून कोणाला माहीत आहे?"

मोमीन यांनी हेल्मेट पुन्हा हातात घेतलं. "तेजलला. वर्षभर झालं."

दुपारी तेजल साहित्याच्या खोलीत बॅटला नवी मूठ चढवत होती. मृण्मयी आत आली, दार लोटलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलली.

"तुला माहीत होतं?"

तेजलचा हात थांबला. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग मृण्मयीच्या तोंडाकडे. तिला लगेच कळलं. एकमेकींना वाचण्याची सवयच होती दोघींना.

"कोण बोललं? मोमीन? मेलं त्यांचं तोंड ते! उद्यापर्यंत थांबता येईना होय त्यांना?"

"तेजल, मी तुला चोर समजत होते."

"समज की! अजून समज! कोण नको म्हणतंय?"

"वर्षभर तू गप्प बसलीस."

"मग काय करू? तुझ्या दारात पेढे घेऊन येऊ? मॅडमनी मला बोलावलं, म्हणाल्या, तुझी चूक नव्हती हे आम्हाला माहीत आहे, पण तू हे तिला सांगितलंस तर दोघींची जागा जाईल. मी विचार केला, नाहीतरी ही मला दोन वर्षं फुकट शिव्या देत होती. आता निदान त्या शिव्यांचं काहीतरी मिळतंय."

"हे बरोबर नव्हतं."

"बरोबर?" तेजल उठली. बॅट तिच्या हातातच होती. "माझी आई गेली तेव्हा तू चार घरं पलीकडे होतीस. तुझ्या गॅलरीतून आमचा दरवाजा दिसतो. अख्खी गल्ली आली. तुझा बाप आला. तू आली नाहीस. आईने शेवटपर्यंत विचारलं, मृण्मयी का येत नाही गं हल्ली? तेव्हा मी काय केलं होतं तुझं? काही नाही. तुझा राग खोटा होता मृण्मयी, माझा खरा आहे. मला यंत्र नको ते सांगायला."

त्या दिवशी गॅलरीचं दार लावून मृण्मयी आत बसली होती. तिला बरंही वाटलं होतं थोडं, हे तिला आता आठवलं.

तिचा उतरलेला चेहरा पाहून तेजल घाबरली. मघाचा आवाज एकदम खाली आला.

"ए, असं नको बघू. असं बघू नकोस माझ्याकडे! हे बघ, मी हात जोडते. उद्याच्या दिवस द्वेष कर माझा. उद्याची चाचणी होऊ दे, विश्वचषक होऊ दे, मग वाटेल ते कर. मला या संघात जायचंय. आई गेल्यापासून दुसरं काही उरलेलं नाही मला. करशील ना?"

"प्रयत्न करते," मृण्मयी म्हणाली.

"प्रयत्न नको. कर."

दुसऱ्या दिवशी ऊन लखलखीत होतं. मंडपात समितीची माणसं, पडद्यावर दोन रेषा. पहिल्याच षटकात मृण्मयीला कळून चुकलं की राग ठरवून येत नाही. तिने जुन्या गोष्टी एकेक करून आठवून पाहिल्या. रुग्णालय. काठी. तेजलचा संघाच्या गणवेशातला फोटो. यातलं काहीच आता पेट घेईना. तेजलच्या टाचांकडे बघायचं तर तिची नजर सारखी तेजलच्या चेहऱ्याकडे जात होती. ही दमली असेल का? हिने सकाळी खाल्लं असेल का? दोनदा धाव सहज होती, ती निघालीच नाही.

"पळ की!" तेजल दातांत पुटपुटली.

मंडपात निळ्या आणि केशरी रेषांच्या मधे पडद्याचा पांढरा रंग दिसू लागला होता.

सातव्या षटकात मृण्मयीने चेंडू पॉइंटकडे ढकलला. धाव होती, पण अंगाशी येऊ शकणारी. अशी धाव या दोघी डोळे मिटून काढत. आज मात्र मृण्मयीच्या मनात आलं, हिला धोका नको व्हायला. हिला सावध करावं. आणि लहानपणी करत असे तसं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ती ओरडली,

"तेजल, ये!"

तेजल निघालीच होती. तीन वर्षांत न ऐकलेली ती हाक कानावर आदळली आणि तिचे पाय जागच्या जागी अडखळले. तिने मृण्मयीच्या खांद्याकडे पाहिलं, तो निघायला कचरत होता. आवाज ये म्हणत होता. कशावर विश्वास ठेवायचा हे ठरेपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला होता. बेल्स उडाल्या तेव्हा मृण्मयी पलीकडे पोहोचली होती आणि तेजल खेळपट्टीच्या मध्यावर होती.

ती परत जाताना मृण्मयीजवळून गेली. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

"कोणी सांगितलं होतं तुला हाक द्यायला?" ती म्हणाली. "कोणी सांगितलं होतं?"

संध्याकाळच्या चहाला देशमानेबाईंनी मृण्मयीला खोलीत बोलावलं. त्या एकेकाळी नामांकित यष्टिरक्षक होत्या. चेंडूंनी वाकडी झालेली त्यांची बोटं कपाभोवती आवळलेली होती.

"बस. मोमीनना आम्ही घरी पाठवलं आहे. तुमची जोडी आता जोडी राहिलेली नाही, ते तू पाहिलंसच. सलामीला दुसरी जोडी जाईल."

"हो मॅडम."

"सातव्या क्रमांकाची जागा एकटीची आहे. ती तुमच्यापैकी एकीला देता येईल. धावा दोघींच्या सारख्याच. म्हणून एकच प्रश्न विचारते. समितीपुढे नोंद जाईल, आणि जिची चूक ठरेल ती घरी जाईल. तेजल धावबाद कोणामुळे झाली?"

"तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. हाक तू दिलीस. हाक दिल्यावर समोरचीने यायचं असतं, हा शंभर वर्षांचा नियम आहे. ती थांबली. नियमाने बघितलं तर चूक तिची." देशमानेबाईंनी कप खाली ठेवला. "तू एवढंच म्हण. मी हाक दिली, ती आली नाही. यात एक शब्द खोटा नाही."

खरंच त्यात एक शब्द खोटा नव्हता. मृण्मयीला ते वाक्य तोंडात आल्यासारखं वाटलं. ते उच्चारलं की ती संघात होती. गुडघा, काठी, सगळं फिटणार होतं. आणि तीन वर्षं जे पाप तेजलच्या नावावर तिने लिहून ठेवलं होतं, ते आता ती स्वतः करणार होती. तेही अगदी नियमाला धरून.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आम्ही हाक देत नाही. ती आमची पद्धत आहे. मी पद्धत मोडली."

"विचार करून बोल. तेजलला मी आधीच विचारलंय."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, चूक मृण्मयीची. एका दमात म्हणाली. जराही अडखळली नाही." बाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. "आता तरी तुला काही वाटत नाही?"

बाई अजूनही काडी ओढून बघत होत्या. मृण्मयी उठली. "मॅडम, ती खरं बोलली. तुम्हाला त्याची सवय राहिली नाही इतकंच."

"बाहेर हो," देशमानेबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ जाहीर झाला. सातव्या जागी तेजल कांबिरे. फाटकाशी विमानतळाची गाडी उभी होती. इचलकरंजीला परतायचं सामान घेऊन मृण्मयी तिथे आली, तेव्हा तेजल बॅग चढवत होती.

"मी तुझं नाव सांगितलं," तेजल मागे न बघता म्हणाली.

"मीही माझंच सांगितलं."

तेजलच्या हातातली बॅग अर्ध्यावर थांबली. "तुला कोणी एवढं मोठं व्हायला सांगितलं होतं? आता मी ही जागा उपकाराची म्हणून घेऊ?"

"तेजल, काकूंच्या वेळी मी..."

"नाही!" तेजल गर्रकन वळली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला संताप आला होता. "ते आता बोलायचं नाही. एक शब्द बोललीस तर बघ. मला रागाशिवाय खेळता येत नाही, मृण्मयी. तीन वर्षं मी दुसऱ्या कशावर खेळलेच नाही. तिथे मी एकटी आहे. तो तरी राहू दे माझ्याकडे. माफी मागून तो काढून घेऊ नकोस."

चालकाने हॉर्न वाजवला. मृण्मयीच्या ओठांवर तीन वर्षांचं साचलेलं आलं होतं. काकूंचं नाव होतं त्यात, गॅलरीचं बंद दार होतं. तिने ते सगळं गिळलं. मान वर केली आणि शिबिरातल्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"जा मग! तुझा कव्हर ड्राइव्ह गल्लीतल्या पोरांसारखा आहे. पहिल्याच सामन्यात स्लिपमध्ये झेल देऊन येशील. सातव्या जागेचीसुद्धा लायकी नाही तुझी."

तेजलचं तोंड लाल झालं. जबडा आवळला गेला. खांदे मागे गेले.

"बघच तू," ती म्हणाली. "टीव्हीसमोर बसून बघच."

ती गाडीत चढली आणि दार धाडकन ओढून घेतलं.